ब्राउझरचा नकार आणि रुग्णाचा रिपोर्ट

संध्याकाळचे सात वाजलेले. एका छोट्या रुग्णालयासाठी वेब अ‍ॅप तयार करणाऱ्या मंडळींचे काम जवळजवळ संपत आलेले असते. रुग्णाने लॉगिन करायचे, डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि बाहेरच्या लॅबकडून आलेला रक्ततपासणीचा रिपोर्ट त्याच पानावर पाहायचा, असे त्या अ‍ॅपचे साधे स्वरूप. वेळ घेण्याचा भाग नीट चालतो. रिपोर्टच्या जागी मात्र गोल चक्र फिरत राहते. ब्राउझरचा कन्सोल उघडला की लाल अक्षरांत तक्रार दिसते: 'कॉर्स' धोरणानुसार ही विनंती अडवली आहे. तीच विनंती 'पोस्टमन'सारख्या चाचणीच्या साधनातून पाठवली, तर रिपोर्ट क्षणात हजर होतो. म्हणजे लॅबचा सर्व्हर चालू आहे, पत्ता बरोबर आहे, लॉगिनचा तपशीलही बरोबर आहे. अडून बसला आहे तो फक्त ब्राउझर.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपासून मोठ्या कंपन्यांच्या कामापर्यंत वेब अ‍ॅप तयार करणाऱ्यांना ही एरर कधी ना कधी भेटतेच. सकाळी डेमो असला की 'ही घालवायची कशी' एवढाच शोध सुरू होतो आणि एका ओळीत ती घालवणारे उपायही लगेच सापडतात. अडचण अशी की त्यांतले काही उपाय एररबरोबरच रुग्णाच्या रिपोर्टवरचा पहाराही काढून टाकतात. म्हणून ब्राउझर हा नकार कोणासाठी देतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

एकाच पिशवीत सगळ्या पावत्या

ब्राउझरला घरातली बाहेरची कामे करणारा विश्वासू गडी मानले, तर गोष्ट सोपी होते. त्याच्या पिशवीत घरातल्या सगळ्या पावत्या असतात: बँकेची, मेलची, विजेच्या बिलाची, लॅबची. वेबच्या भाषेत या पावतीला 'कुकी' म्हणतात. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी ही कल्पना वेबवर आणली. एकदा लॉगिन केले की संकेतस्थळ ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला देते आणि पुढच्या विनंत्यांबरोबर ती आपोआप परत जाते. म्हणूनच दर पानाला पासवर्ड द्यावा लागत नाही.

१९९५ मध्ये त्याच कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तोवर पान म्हणजे वाचायचा कागद होता. आता वाचकाने कुठेही क्लिक केले नाही, तरी पान स्वतःहून काही करू शकत होते.

या दोन सोयी एकत्र आल्या आणि नवा धोका उभा राहिला. समजा, रुग्णाने एका टॅबमध्ये लॅबच्या संकेतस्थळावर लॉगिन केले आहे आणि दुसऱ्या टॅबमध्ये क्रिकेटचा स्कोअर दाखवणारे एखादे अनोळखी पान उघडले आहे. त्या पानातली स्क्रिप्ट गड्याच्या हातात चिठ्ठी देते, 'लॅबमधून रिपोर्ट घेऊन ये.' गडी जातो, पिशवीतली पावती दाखवतो. पावती खरी असल्याने लॅब रिपोर्टचा लिफाफा देते. आता तो लिफाफा चिठ्ठी देणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात ठेवायचा का?

ब्राउझरचे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. एका ठिकाणच्या पानातल्या स्क्रिप्टने दुसऱ्या ठिकाणची माहिती वाचायची नाही, हा नियम नेटस्केपने जावास्क्रिप्टच्या पाठोपाठच लागू केला. त्याला 'सेम-ओरिजिन पॉलिसी' म्हणजे समान-मूळ धोरण म्हणतात. आजचे सगळे प्रमुख ब्राउझर ते पाळतात.

पोस्टमनला कोणी का अडवत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. त्याच्या खांद्यावर सगळ्या घराच्या पावत्यांची पिशवी नसते आणि त्याला अनोळखी पाने चिठ्ठ्याही देत नाहीत. चाचणी करणारा माणूस स्वतः जातो आणि स्वतःची ओळख दाखवतो. त्यामुळे 'पोस्टमनमध्ये चालते, ब्राउझरमध्ये चालत नाही' ही ब्राउझरची चूक ठरत नाही.

'मूळ' म्हणजे काय?

ब्राउझर 'मूळ' ओळखतो ते तीन गोष्टींवरून: प्रोटोकॉल, होस्टचे नाव आणि पोर्टचा क्रमांक. तिन्ही जुळले तरच दोन पत्ते एका मुळाचे. एक पत्ता 'एचटीटीपी'चा आणि दुसरा 'एचटीटीपीएस'चा असेल, तर मूळ वेगळे. एकात सुरुवातीला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे आणि दुसऱ्यात नाही, तरी वेगळे.

नवशिक्यांची फसगत बहुधा पोर्टपाशी होते. पान 'लोकलहोस्ट'च्या ३००० क्रमांकाच्या पोर्टवर आणि माहिती देणारा सर्व्हर ५००० वर. दोन्ही एकाच लॅपटॉपमध्ये, एकाच टेबलावर. ब्राउझरच्या लेखी मात्र ती दोन वेगळी घरे. 'लोकलहोस्ट' आणि '१२७.०.०.१' हे दोन्ही पत्ते बहुधा त्याच यंत्राकडे नेतात, पण नावे वेगळी म्हणून मूळही वेगळे धरले जाते.

लिफाफ्यावरची परवानगी

सगळ्यांनी आपापल्या कुंपणात राहायचे ठरवले, तर आजचे वेब चालणारच नाही. नकाशा एका ठिकाणाहून येतो, हवामानाची माहिती दुसऱ्या आणि लॅबचा रिपोर्ट तिसऱ्या. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये अख्खे पान पुन्हा न उघडता मागच्या मागे माहिती मागवण्याची सोय आली आणि पुढे इतर ब्राउझरांनीही ती उचलली. तशी दुसऱ्या ठिकाणची माहिती वाचण्याची गरजही वाढत गेली.

सुरुवातीला पळवाटा निघाल्या. दुसऱ्या संकेतस्थळावरची स्क्रिप्ट पानात आणून चालवायला बंदी नव्हती, तेव्हा माहितीलाच स्क्रिप्टचा वेष चढवून आणायची पद्धत रूढ झाली. २००५ मध्ये तिला 'जेसनपी' असे नाव मिळाले. पण यात दुसऱ्याचा कोड आपल्या पानात पूर्ण विश्वासाने चालवावा लागे. उद्या त्याने माहितीऐवजी दुसरेच काही पाठवले, तर ते रोखण्याचा मार्ग नव्हता.

रीतसर परवानगीची कल्पना २००४ मध्ये टेलमी या कंपनीतल्या तंत्रज्ञांनी आवाजावर चालणाऱ्या सेवांसाठी मांडली होती. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती पुढे नेली. २००९ मध्ये तिला 'क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग' म्हणजेच 'कॉर्स' हे नाव मिळाले. त्याच वर्षी फायरफॉक्स ३.५ मध्ये ती सोय आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला.

तिची रीत अशी: लॅबकडे जाताना गडी सांगतो, 'चिठ्ठी अमुक पत्त्यावरच्या पानाने दिली आहे.' विनंतीतल्या या नोंदीला 'ओरिजिन' हेडर म्हणतात. लॅबला ते पान मान्य असेल, तर ती लिफाफ्यावर लिहिते, 'हा त्या पत्त्यावरच्या पानाला द्यायला हरकत नाही.' ही ओळ म्हणजे 'अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन' हेडर. ओळ असेल तर गडी लिफाफा देतो. नसेल तर देत नाही आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरे उमटतात.

परवानगी लिहिण्याचा हक्क माहिती ज्याच्याकडे आहे त्याचा असतो, मागणाऱ्याचा नाही. म्हणूनच मागणाऱ्या पानाच्या कोडमध्ये कितीही खटाटोप केला, तरी ही एरर सुटत नाही. दुरुस्ती सर्व्हरच्या बाजूला करावी लागते.

आधी विचारून येणे

काही विनंत्या मात्र जाऊन आल्यावर अडवून उपयोग नसतो. रिपोर्ट वाचणे वेगळे आणि नोंद खोडणे वेगळे. खोडणे, बदलणे, जेसन स्वरूपात माहिती पाठवणे किंवा वेगळे ओळखपत्र जोडणे अशी विनंती दुसऱ्या मुळाकडे जायची असेल, तर ब्राउझर आधी नुसती विचारणा करतो: 'या पानाला, या पद्धतीने, या हेडरांसह विनंती करता येईल का?' या पूर्वविचारणेला 'प्रीफ्लाइट' म्हणतात आणि ती 'ऑप्शन्स' नावाच्या पद्धतीने जाते. होकार आला तरच खरी विनंती निघते. हा होकार किती वेळ लक्षात ठेवायचा तेही सर्व्हर सांगू शकतो, पण फायरफॉक्स जास्तीत जास्त २४ तास आणि क्रोम २ तासच मानतो.

साध्या विनंत्यांना ही पूर्वविचारणा नसते. नेहमीचा फॉर्म भरून पाठवावा तशी विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते, तिथे तिच्यावर कार्यवाहीही होते; ब्राउझर फक्त आलेले उत्तर स्क्रिप्टला वाचू देत नाही. त्यामुळे 'अपॉइंटमेंट रद्द करा' हे काम अशा साध्या विनंतीवर चालत असेल, तर कॉर्स ते रोखणार नाही. त्यासाठी प्रत्येक फॉर्मबरोबर गुप्त टोकन तपासण्यासारखी वेगळी तजवीज लागते. २०२० पासून क्रोमनेही एक कडी वाढवली आहे: संकेतस्थळाने मुद्दाम सवलत दिलेली नसेल, तर दुसऱ्या संकेतस्थळावरून निघालेल्या अशा विनंतीबरोबर कुकी पाठवलीच जात नाही. म्हणजे पावती पिशवीतच राहते. पण ही जास्तीची कडी आहे, पहाऱ्याला पर्याय नाही.

लाल ओळ कॉर्सची, दुखणे दुसरेच

ताप हे जसे लक्षण असते, तशी ही एरर पुष्कळदा लक्षण असते. सर्व्हरमधला प्रोग्राम मध्येच कोसळला आणि '५००' क्रमांकाचे उत्तर आले, तर त्या घाईच्या उत्तरावर परवानगीची ओळ लावायची राहून जाते. ब्राउझरला ओळ दिसत नाही आणि तो कॉर्सची तक्रार करतो. मंडळी तासभर परवानगीच्या मागे लागतात आणि बिघाड डेटाबेसमध्ये निघतो.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे पूर्वविचारणेलाच लॉगिन मागणारा सर्व्हर. प्रीफ्लाइटबरोबर ब्राउझर पावती पाठवत नाही. सर्व्हरने तिथेच '४०१' म्हणून दार लावले, तर खरी विनंती निघतच नाही. तिसरे कारण पत्त्यातली क्षुल्लक चूक: शेवटची तिरकी रेघ राहिली किंवा 'एचटीटीपीएस'ऐवजी 'एचटीटीपी' लिहिले की सर्व्हर दुसऱ्या पत्त्याकडे वळवतो आणि पूर्वविचारणा तिथेच फसते. म्हणून कन्सोलमधली लाल ओळ वाचून न थांबता 'नेटवर्क' टॅब उघडावा. विनंतीला कोणता क्रमांक मिळाला आणि उत्तरात कोणते हेडर आले, हे तिथे दिसते. निदान आधी, औषध नंतर.

एका ओळीचे घातक उपाय

घाईत केल्या जाणाऱ्या उपायांत पहिला म्हणजे ब्राउझरची सुरक्षा बंद करणे किंवा तसे करणारे एक्स्टेंशन बसवणे. एरर जाते, पण फक्त त्या लॅपटॉपवर. रुग्णाच्या मोबाइलवर ती तशीच राहते. शिवाय त्याच ब्राउझरमध्ये बँकेचे लॉगिन चालू असेल, तर तिथला पहाराही उठलेला असतो. 'नो-कॉर्स' हा पर्याय निवडला तर एरर दिसत नाही, पण उत्तरही हाती लागत नाही. गडी बंद लिफाफा दुरून दाखवतो इतकेच.

दुसरा उपाय फुकटच्या सार्वजनिक प्रॉक्सीचा. माहिती मधल्या एका तिऱ्हाईत सर्व्हरवरून फिरवली की तो परवानगीची ओळ चिकटवून देतो. मग रुग्णाचा रिपोर्ट कोणा अनोळखी माणसाच्या यंत्रातून जातो आणि त्याला तो वाचता येतो. 'कॉर्स एनीव्हेअर' या लोकप्रिय प्रॉक्सीचा खुला नमुना सर्व्हर गैरवापरामुळे त्याच्या निर्मात्याने २०२१ च्या सुरुवातीपासून मर्यादित केला. त्यावर विसंबून असलेल्या कामांना मग दुसरी सोय पाहावी लागली.

तिसरा उपाय म्हणजे परवानगीच्या ओळीत तारांकन लिहिणे, म्हणजे 'कोणालाही द्या.' हवामान, रक्तगटांची सामान्य माहिती, रुग्णालयाच्या वेळा अशा खुल्या माहितीसाठी ते योग्यच आहे. कुकी लागणाऱ्या माहितीसाठी ब्राउझर तारांकन मानत नाही. पण रुग्णालयाच्या आतल्या नेटवर्कवर, पासवर्डशिवाय चालणाऱ्या सर्व्हरवर तारांकन लावले तर? बाहेरच्या माणसाला तो सर्व्हर दिसत नाही. स्वागतकक्षातल्या संगणकाच्या ब्राउझरला मात्र दिसतो. त्या संगणकावर उघडलेले एखादे अनोळखी पान मग आतली माहिती वाचू शकते.

सर्वांत घातक उपाय चौथा. कुकी आणि तारांकन एकत्र चालत नाही म्हटल्यावर सर्व्हरला सांगितले जाते, 'जो पत्ता विचारेल, तोच परवानगीच्या ओळीत उलट लिहून दे आणि कुकीलाही हो म्हण.' एरर जाते, डेमो पार पडतो. पण आता क्रिकेटच्या त्या अनोळखी पानालाही लिफाफ्यावर स्वतःचे नाव लिहून मिळते. ब्रिटिश सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी २०१६ मध्ये अशाच चुकांचे प्रात्यक्षिक मांडले होते. एका बिटकॉइन एक्स्चेंजमध्ये या चुकीमुळे लॉगिन केलेल्या ग्राहकाची गुप्त किल्ली परक्या पानाला वाचता येत होती आणि तिच्या जोरावर त्याचे बिटकॉइन वळवता आले असते.

याच्या सौम्य वाटणाऱ्या आवृत्त्याही असतात. पत्त्याचा शेवट 'आरोग्य डॉट इन' असेल तर परवानगी द्यायची, असा नियम लिहिला की 'खोटेआरोग्य डॉट इन' असे नाव विकत घेणाऱ्यालाही दार उघडते. 'नल' नावाच्या मुळाला परवानगी देणेही तसेच, कारण कोणत्याही पानाला आपले मूळ 'नल' दिसेल अशी व्यवस्था करता येते.

दुरुस्ती कशी करावी

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्रश्नच येऊ न देणे. अ‍ॅपचे पान आणि त्याचा सर्व्हर एकाच पत्त्यावर ठेवले, मागे 'एनजिनएक्स'सारखा रिव्हर्स प्रॉक्सी बसवून एका दाराने दोन्हीकडे वाट काढली, तर ब्राउझरच्या लेखी सगळे एकाच घरातले ठरते. अ‍ॅप तयार होत असताना 'व्हीट'सारख्या साधनांत स्वतःच्याच लॅपटॉपवर चालणारा प्रॉक्सी मिळतो. तो वापरायला हरकत नाही.

लॅब दुसऱ्या संस्थेची असेल, तर रुग्णालयाच्या सर्व्हरने लॅबच्या सर्व्हरकडून रिपोर्ट घ्यावा आणि मग रुग्णाला दाखवावा. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा कॉर्सचा संबंध येत नाही आणि लॅबने दिलेली गुप्त किल्लीही सर्व्हरवरच राहते. ती पानाच्या कोडमध्ये ठेवली तर कोणालाही वाचता येते.

थेट ब्राउझरमधूनच मागायचे असेल, तर लॅबने परवानगीच्या पत्त्यांची नेमकी यादी ठेवावी आणि विचारणारा पत्ता तिच्याशी अक्षरशः जुळवून पाहावा. उत्तर मागणाऱ्यागणिक बदलत असल्याने 'व्हेरी: ओरिजिन' हा हेडर लावावा, नाहीतर मधल्या कॅशमधून एकाचे उत्तर दुसऱ्याला जाते. चुकीच्या उत्तरांवरही परवानगीची ओळ यावी, म्हणजे खरी एरर दिसते. वैद्यकीय माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'एफएचआयआर' मानकावर आधारलेल्या 'स्मार्ट' पद्धतीतही, निव्वळ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अ‍ॅपना सेवा देणाऱ्या सर्व्हरने कॉर्सची सोय करावी, असे सांगितले आहे.

एवढे करूनही एक काम उरते. लिफाफा कोणत्या पानाला द्यायचा एवढेच कॉर्स सांगते; रिपोर्ट खरोखर त्याच रुग्णाचा आहे का, हे ते तपासत नाही. पत्त्यातला रिपोर्ट क्रमांक बदलून शेजाऱ्याचा रिपोर्ट उघडत असेल, तर कॉर्सची व्यवस्था कितीही चोख असली तरी व्यर्थ. ती तपासणी सर्व्हरने दर विनंतीला करायची असते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा हा विषय रात्री जागणाऱ्या प्रोग्रॅमरपुरता राहत नाही. अ‍ॅप तयार करून घेणाऱ्या रुग्णालयानेही तो विचारायला हवा.

रुग्णाच्या हातातही थोडे असतेच. ब्राउझर अद्ययावत ठेवावा. दुसऱ्याच्या संगणकावर रिपोर्ट पाहिला तर लॉगआउट करावे. 'सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचण्याची परवानगी' मागणारे एक्स्टेंशन विचार करूनच बसवावे, कारण तशी परवानगी दिली की तो समान-मूळ धोरणाच्या पलीकडे जातो.

आणि संध्याकाळी सात वाजता चक्राकडे पाहत बसलेल्या मंडळींनी काय करावे? लॅबच्या तंत्रज्ञांना फोन करावा, आपल्या अ‍ॅपचा नेमका पत्ता प्रोटोकॉल आणि पोर्टसह कळवावा आणि तो यादीत घालायला सांगावे. किंवा रिपोर्ट आपल्या सर्व्हरमार्फत आणायची सोय करावी. डेमो कदाचित एक दिवस पुढे जाईल. पण रिपोर्ट ज्याचा आहे, त्याच्याच हातात पडेल.